दर जूनमध्ये मचूळ टाकीतली झाडे वितळतात, गोगलगायींचे शंख पांढरे पडतात: कारण आणि उपाय

मचूळ, म्हणजे किंचित खाऱ्या पाण्याच्या, काचेच्या टाकीत झाडे, मासे आणि गोगलगायी पाळणाऱ्यांची तक्रार नेहमी एकाच मोसमात कानावर येते. मृग लागून आठ-पंधरा दिवस झालेले असतात, हवा गार झालेली असते, आणि मेपर्यंत हिरवीगार असलेली व्हॅलिसनेरियाची पाती तीन दिवसांत काचेसारखी पारदर्शक होऊन तळाशी लोळतात. क्रिप्टोकोरिनची पाने देठापासून सुटतात. नेराइट गोगलगायी काच सोडून खाली पडतात, नाहीतर पाण्याबाहेर येऊन झाकणाला चिकटतात. जरा निरखून पाहिले की शंखाच्या शेंड्यावरचा काळा रंग गेलेला असतो आणि आतला पांढरा चुना उघडा पडलेला असतो. ऑगस्टपर्यंत निम्म्या गोगलगायी गेलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास नवी झाडे, नव्या गोगलगायी आणायच्या. त्या छान रुजतात, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी गोव्यात माशेलला राहते. घरची विहीर जांभ्यात खोदलेली, पाठीमागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि जवळच मांडवी-झुआरीला जोडणारा कुंभारजुवेचा कालवा. माझी टाकी ३६ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच. हिशेबाने १०६ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरे पाणी ९० लिटर. या टाकीत सलग तीन पावसाळे हेच झाले. पहिल्या वर्षी मी रोग समजून औषध घातले. दुसऱ्या वर्षी दिवा बदलला. तिसऱ्या वर्षी, पावसात नदी गोडी होते तर टाकीही गोडी करावी, असे ऐकून मीठ निम्म्यावर आणले, आणि सर्वांत मोठे नुकसान त्याच वर्षी झाले.

चौथ्या वर्षी मार्चपासून वही ठेवली. दर रविवारी पाण्याची पातळी, घनता, पीएच, केएच (पाण्याची आम्ल होण्यापासून सांभाळणारी ताकद), आणि आठवड्यात कुठले पाणी किती घातले याची नोंद. दुखण्याचे मूळ त्या वहीत सापडले. बिघाड मार्च ते मे या तीन महिन्यांत होत होता, आणि जूनमध्ये तो नुसता बाहेर पडत होता. त्याला दोन धागे आहेत. एक मिठाचा, दुसरा चुन्याचा. हे दोन आपण एकच समजतो, म्हणून उपाय दरवर्षी चुकतो.

मीठ उडून जात नाही

मार्च लागला की टाकीतले पाणी रोज थोडे आटते. माझ्या टाकीचे तोंड ३६ बाय १२ इंचांचे. त्यात पातळी १ सेंटीमीटर उतरली की सुमारे २.८ लिटर पाणी गेलेले असते. पाणी फार तापू नये म्हणून मी वर छोटा पंखा लावत होते, त्यामुळे आठवड्याला ३ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ साडेआठ लिटर पाणी उडत होते. ही तूट मी मचूळ पाण्यानेच भरत होते. टाकी मचूळ, तर भरही मचूळच हवी, असा माझा समज. लिटरला ७ ग्रॅम मीठ घालून बादली तयार ठेवायची आणि तिच्यातून तांब्या-तांब्याने भर घालायची.

चूक इथे होती. हवेत जाते ते निव्वळ पाणी. मीठ टाकीतच राहते. आगरवाड्यासारख्या ठिकाणच्या मिठागरांत हेच काम मुद्दाम केले जाते: खाऱ्या पाण्यावर ऊन आणि वारा सोडायचा, पाणी जाऊ द्यायचे, मीठ ठेवायचे. टाकीवरचा पंखा तेच करतो. साडेआठ लिटरमागे ७ ग्रॅम धरले तर आठवड्याला जवळपास ६० ग्रॅम मीठ जादा पडते. ९० लिटरांत वाटले तर लिटरमागे ०.६५ ग्रॅम. एका आठवड्यात याचा पत्ता लागत नाही. दहा आठवड्यांत साडेसहा ग्रॅम होतात. मार्चच्या मध्याला ७ ग्रॅमवर असलेली टाकी मेअखेर साडेतेरावर पोचते, घनतेच्या मापात १.००५ वरून १.०१० वर.

बदल इतका हळू होतो की झाडे तो सोसतात. वाढ थांबते, नवी पाने आखूड येतात, पण वितळत काही नाही. म्हणून मे महिन्यात टाकी ठीक दिसते.

मग हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचे साधन, काय करत होता, असा प्रश्न येईल. तो होता, आणि मी पाहतही होते. पण हायड्रोमीटर ठरावीक तापमानावर बेतलेला असतो. २५ अंशांवर बेतलेला काचेचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ०.००१४ कमी दाखवतो, आणि १५.६ अंशांवर बेतलेला तर ०.००३ पेक्षाही जास्त कमी. समुद्री टाकीत एवढा फरक फारसा जाणवत नाही. मचूळ टाकीत आपले सगळे गणितच १.००२ ते १.०१० यांत बसलेले असते, तिथे हीच चूक लिटरमागे दोन ते चार ग्रॅमांची होते. काटा फिरणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरचे आणखी एक दुखणे आहे: काट्याला बुडबुडा चिकटला की तो वर जातो आणि भलताच आकडा दाखवतो. आता मी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारटपणा मोजणारे साधन) वापरते आणि महिन्यातून एकदा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून त्याचा शून्य तपासते. तो नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. टाकीत एकूण किती ग्रॅम मीठ गेले आणि पाणी बदलताना किती बाहेर आले, एवढे लिहीत गेलात तरी फसणार नाही.

जूनमधला एक दिवस

पहिला मोठा पाऊस होतो, वीज जाते, फिल्टर पाच-सहा तास बंद राहतो. परत आला की पाणी गढूळ, किंचित वास. कोणीही अशा वेळी अर्धे पाणी बदलेल. त्या तिसऱ्या वर्षी मी तेच केले, आणि नवे पाणी निम्म्या मिठाचे, साडेतीन ग्रॅमांचे घातले. टाकी साडेतेरा ग्रॅमांवर आहे हे मला माहीत नव्हते. अर्ध्या तासात ती साडेआठवर आली.

पेशीचे गणित सरळ आहे. पाणी हळूहळू खारट होत गेले की झाड आपल्या पेशींत विरघळलेले पदार्थ साठवून तोल सांभाळते, नाहीतर बाहेरचे मीठ पेशीतले पाणी ओढून घेईल. तीन महिने जमवलेला तो साठा आत असताना बाहेरचे पाणी अचानक सौम्य झाले, तर पाणी पेशीत घुसते आणि तिचा तोल कोसळतो. पान काचेसारखे पारदर्शक दिसते ते यामुळे. याला कुठलेही औषध नाही, कारण हा रोग नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी तरुणपणी खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, मानशीवर काम केलेले आहे. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातले दार. भरती चढली की पाण्याच्या दाबाने फळ्या मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर जाते. मी त्यांना नदी गोडी होते ते सांगून माझ्या निम्म्या मिठाचे समर्थन करत होते. ते म्हणाले, "न्हंयचें उदक गोडें जाता खरें, पूण सवकास जाता." (नदीचे पाणी गोडे होते खरे, पण सावकाश होते.) मग त्यांनी कोरगुटाचे सांगितले. कोरगुट हे खाऱ्या जमिनीत तगणारे भात, तरीही खाजनात ते लगेच पेरत नाहीत. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाऊ द्यायचे, आत साचलेले पाणी ओहोटीबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर सोडायचे, मगच बी टाकायचे. मीठ सोसणाऱ्या पिकाचेही मीठ टप्प्याटप्प्याने उतरवतात. मला अर्ध्या तासात जे करायचे होते त्याला नदी आणि खाजन काही आठवडे घेतात.

खारट म्हणजे जड नव्हे

मिठाचा धागा सुटल्यावर झाडे वाचली असती, पण शंख वाचले नसते. शंखांचे कारण वेगळे होते आणि ते शोधायला मला जास्त वेळ लागला. मनात एक समज पक्का बसला होता: मचूळ पाणी म्हणजे क्षारांचे पाणी, तर त्यात शंखाला कॅल्शियम कमी कसे पडेल?

समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमांच्या आसपास क्षार असतात. त्यांत कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या वर, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ, आणि पाण्याला आम्ल होण्यापासून सांभाळणारी कार्बोनेट क्षारता, जिला दुकानात केएच म्हणतात, ती ७ अंशांच्या आसपास. आता लिटरला ७ ग्रॅमांचे मचूळ पाणी म्हणजे समुद्राचा पाचवा हिस्सा. चांगले मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्री टाक्यांसाठी तयार मिळणारे क्षारांचे मिश्रण, वापरले तरी त्यातून कॅल्शियम ८० मिलिग्रॅम येते, ते ठीक आहे. पण केएच येतो जेमतेम दीड अंश. बाकीचा केएच आपल्या मूळ पाण्याने पुरवायचा असतो. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी जड असते, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. आपल्याकडे जांभा आहे. जांभ्यातून झिरपलेले पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते. माझ्या विहिरीचा केएच मेमध्ये ३ होता, जुलैत १ वर आला. पीएच साडेसहावरून सहाच्या खाली. कारण उघड आहे, विहिरीत तेव्हा जवळजवळ पावसाचेच पाणी असते. फोंडा-तिसवाडीत ओपाहून येणारे नळाचे पाणीही खांडेपार नदीचे, त्यात चुना फार नसतो.

आणि मी मरीन सॉल्ट वापरतही नव्हते. मी वापरत होते मिठागरातले जाडे मीठ. ते समुद्राचेच, म्हणून विरघळवले की पुन्हा समुद्राचे पाणी तयार होईल असे वाटते. तसे होत नाही. आगरात पाणी आटू लागले की आधी कॅल्शियम कार्बोनेट बसते, मग जिप्सम, आणि खाण्याचे मीठ त्यानंतर. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. आपल्या हातात येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. जेवणासाठी उत्तम. त्याने टाकी खारट होते, घनता बरोबर दिसते, पण शंखासाठी लागणारा चुना त्यात नाहीच. आयोडिनवाल्या मिठाला सगळे घाबरतात. माझ्या मते खरी अडचण मिठात काय आहे यापेक्षा काय नाही ही आहे.

यात टाकीतले जिवाणू भर घालतात. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचे नायट्रेट करताना ते केएच खर्च करतात. केएच संपत आला की पीएच घसरतो. नेराइटच्या शंखावर काळपट रंगाची एक पातळ साल असते, ती शेंड्यावर सर्वांत जुनी आणि सर्वांत झिजलेली. आम्ल पाणी तिथून आत शिरते आणि खालचा चुना विरघळू लागतो. तोच पांढरा ठिपका.

आधी खात्री करा

उपायाला लागण्यापूर्वी हेच दुखणे आहे का ते पाहा, कारण सारखी दिसणारी आणखी कारणे आहेत.

शंख झिजायला आठवडे लागतात. सगळ्या गोगलगायी एका दिवसात आत ओढल्या जाऊन झाकण मिटून पडल्या असतील, तर शंखाचा दोष नाही. अमोनिया, मिठाचा झटका किंवा तांबे. तांब्याबद्दल आपल्याकडे जास्त सावध राहावे लागते. कुळागरात पावसाच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि साधारण दीड महिन्याने पुन्हा. फवारा उघड्या विहिरीवर येऊ शकतो, आणि गोगलगायीला अगदी थोडे तांबेही घातक ठरते. मला हा संशय बरेच दिवस होता. शेवटी दोन बादल्यांत सारखेच मीठ घालून, एकात विहिरीचे आणि एकात नळाचे पाणी घेऊन, दोन्हींत एकेक गोगलगाय चार दिवस ठेवली. दोन्ही सारख्याच चालत राहिल्या, तेव्हा तो संशय मिटला. तुमची विहीर पोफळींच्या अगदी खाली असेल तर फवारणीच्या दिवसांत नळाचेच पाणी वापरा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबे असते. बाटलीवर कॉपर दिसले तर गोगलगायी असलेल्या टाकीत ते घालू नका. पहिल्या वर्षी मी लेबल न वाचता औषध घातले होते, आणि त्या वर्षीच्या काही गोगलगायी त्यानेच गेल्या असणार.

नेराइट पाण्याबाहेर येऊन बसली म्हणजे संकटच असे नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारे हे प्राणी, अधूनमधून बाहेर येतातच. एखाददुसरी बाहेर असेल तर ठीक. सगळ्या एकाच दिवशी वर चढल्या तर पाणी तपासा.

झाडांकडे पाहताना पान कसे जाते ते बघा. दोन-तीन दिवसांत पारदर्शक होऊन लोळले, तर मिठाचा झटका. जुन्या पानांना हळूहळू भोके पडून कडा पिवळ्या झाल्या, तर बहुधा पोटॅशियम कमी. नवी पाने फिकट पिवळी निघाली, तर लोह कमी. गोव्याची माती लोहाने लाल आहे, तरी टाकीत पीएच आठच्या जवळ असला की लोह गंजून तळाला बसते आणि झाडाला मिळत नाही. त्यासाठी चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलेच राहणाऱ्या, लोहाचे खत घालावे लागते. जावा फर्नच्या पानामागे ओळीने काळे ठिपके दिसले तर पान कापू नका. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. मी अशी निरोगी पाने कापून टाकलेली आहेत.

आता वितळत असेल तर

पहिली गोष्ट, घाईने मीठ वाढवून जुन्या आकड्यावर नेऊ नका. दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट. आज जो आकडा आहे तो तसाच धरून ठेवा. वितळलेली पाने चिमटून काढा, कारण ती कुजून अमोनिया होतो, पण क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिसनेरियाची मुळे उपटू नका. पाने गेलेल्या क्रिप्टोकोरिनच्या वाळूतल्या गड्ड्याला दाबून पाहा. कडक असेल तर तो जिवंत आहे आणि तीन ते सहा आठवड्यांत पुन्हा फुटतो. माझ्याकडे उघड्या वाळूतून ऑगस्टमध्ये कोंब वर आलेले आहेत.

पडलेली प्रत्येक गोगलगाय उचलून वास घ्या. मेलेलीला असा वास येतो की शंका उरत नाही. जिवंत असेल तर तिला पोटाच्या बाजूने काचेला टेकवून ठेवा. उलटी पडलेली नेराइट बहुधा स्वतः सरळ होऊ शकत नाही आणि तशीच मरते.

मग अमोनिया तपासा, केएच नंतर. हा क्रम पाळा. आम्ल पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात असतो, पीएच वर गेला की तोच विषारी होतो. अमोनिया दिसला तर आधी त्याच खारटपणाचे पाणी तयार करून दोन दिवस पाचवा-पाचवा हिस्सा बदला. अमोनिया उतरल्यावर खायचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नव्हे. १०० लिटर पाण्याचा केएच १ अंशाने वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. माझ्या ९० लिटरांत केएच २ वरून ८ वर न्यायला १६ ग्रॅम लागले. ते मी चार दिवसांत, रोज ४ ग्रॅम, पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत घातले. एका दिवसात दीड-दोन अंशांच्या वर जाऊ नये.

सोड्याने केएच येतो, कॅल्शियम येत नाही. त्यासाठी आपल्या घरात रोज फेकली जाणारी वस्तू आहे: तिसऱ्यांच्या शिंपल्या. सासूबाईंना सांगून ठेवले, तेव्हापासून तिसऱ्यांचे तोणाक झाले की शिंपल्या माझ्या डब्यात येतात. त्या उकळून, घासून, दोन दिवस उन्हात वाळवून, जाडसर कुटायच्या. दोन मुठी जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाटेत ठेवते. पाणी आम्लाकडे झुकू लागले की त्या विरघळून त्याला आवरतात. पीएच आठच्या जवळ असला की त्या जवळपास निष्क्रिय असतात, म्हणून सोड्याचे काम त्यांच्यावर सोडता येत नाही. समुद्रफेनही, म्हणजे माकुळाच्या पाठीतला चुन्याचा पांढरा तुकडाही, चांगला. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतो, किनाऱ्यावरही सापडतो. त्याचा तुकडा दगडाखाली दाबून ठेवला की गोगलगायी त्यावर येऊन तो खरवडतात.

मार्चपासून मी काय बदलले

काचेवर पातळीची रेघ मारली. आटलेल्या पाण्याची भर फक्त गोड्या पाण्याने, रोज थोडी, त्या रेघेपर्यंत. पाणी बदलताना मात्र जेवढे बाहेर काढले त्याच खारटपणाचे आत. भर गोडी, बदल मचूळ. सगळ्या दुखण्याचा अर्धा भाग एवढ्यानेच गेला.

पाणी बदलण्यासाठी आता एक ड्रम आहे. त्यात नळाचे पाणी, मरीन सॉल्ट आणि सोडा घालून एअर पंपाने एक दिवस फिरत ठेवते. तोवर क्लोरीनही बरेच निघून जाते. आठवड्याला २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलत नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप लावते, अर्धे पाणी बदलण्याची वेळ येऊ देत नाही. खारटपणा खरोखर उतरवायचा असेल तर आठवड्याला ०.००१ पेक्षा जास्त नाही. मरीन सॉल्ट महाग आहे, मान्य; पण १.००५ ला ते समुद्री टाकीच्या पाचव्या हिश्शाने लागते. मिठागरातलेच मीठ वापरायचे असेल तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वेगळे मोजून घालावे लागेल, आणि माझ्या अनुभवाने ते त्रासाचेच पडते.

नदीचे पाणी आणून घालायचा विचार मीही केला होता. मेमध्ये खारे पाणी मांडवीतून कित्येक किलोमीटर आत चढलेले असते, जुलैत तीच नदी वरवर जवळजवळ गोडी असते. म्हणजे ज्या महिन्यांत स्थिर पाणी हवे त्याच महिन्यांत नदी बदलते. शिवाय धक्क्यांजवळ तेल असते.

झाडे आणि गोगलगायी निवडताना

टाकी १.००५ च्या वर जाऊ न देणे हेच झाडांसाठी सर्वांत मोठे काम आहे. तेवढ्यात जावा फर्न उत्तम टिकतो; जांभ्याच्या दगडाला दोऱ्याने बांधावा, त्याचे खोड वाळूत पुरले की कुजते. अनुबियास टिकतो, पण इतका सावकाश वाढतो की दोन महिने काही झालेच नाही असे वाटते. व्हॅलिसनेरिया चालते. क्रिप्टोकोरिनमध्ये सिलियाटा ही जात घ्या. ती मुळात खाडीकाठची आहे. आपल्या ओहोळांत सापडणारी स्पायरॅलिस गोड्या पाण्याची, ती इथे आणू नका. बांधावर वाढणारी नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा, मला सर्वांत आवडते, कारण ती खारटपणाला सरावलेलीच असते. काही जण एकपानीलाही ब्राह्मी म्हणतात. ती वेगळी, पाण्याखाली कुजते. दुकानातून आलेले कुठलेही झाड गोड्या पाण्यातून आलेले असते, म्हणून त्याला आधी बादलीत दोन-तीन आठवडे एकेक ग्रॅम मीठ वाढवत न्या.

कांदळाची शेंग लावायची हौस अनेकांना असते. पावसाळ्यात वाहत येऊन किनाऱ्याला लागलेली शेंग चालते. झाडावरची तोडू नका, आणि चोडणच्या सलीम अली अभयारण्यातून तर काहीच उचलू नका. शेंगेचा टोकदार बुंधा पाण्यात, कोंब वर मोकळ्या हवेत, आणि पाने फुटली की त्यांच्यावर गोड्या पाण्याचा फवारा.

माशांबद्दल एवढेच: पफर गोगलगायी खातो, आणि कालुंदर मोठा झाला की झाडे खातो. दोन्ही मासे सुंदर आहेत, पण या टाकीत नकोत.

गोगलगायींत नेराइट आणि वाळूत राहणारी ट्रम्पेट या दोन मचूळ पाण्यात खरोखर राहतात. शेतातल्या मोठ्या गोगलगायी आणि रॅम्सहॉर्न गोड्या पाण्याच्या. त्या इथे मरतात आणि मरताना पाणी नासवतात. नेराइट तिळासारखी पांढरी अंडी काचेवर चिकटवते. ती खरवडून काढायला हरकत नाही, त्यांतली पिल्ले पाण्यात तरंगणारी असतात आणि साध्या टाकीत बहुधा जगत नाहीत.

नव्या नेराइट आणायच्या असतील तर ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि त्याआधी केएच सलग चार रविवार ७ च्या वर राहतो का ते वहीत पाहा. दुकानात निवडताना शेंडा पाहून नाकारू नका. मृदू पाण्याच्या ओढ्या-नद्यांतून आलेल्या नेराइटचाही शेंडा झिजलेला असतो, आणि झिजलेला शेंडा पुन्हा भरून येत नाही. शंखाचे तोंड पाहा. नवी वाढ तिथे होते. ती कडा जाड, गुळगुळीत आणि रंगाने भरलेली असेल तर घ्या. पातळ, फिकट आणि खरखरीत असेल तर ती गोगलगाय सध्या चुन्यावाचून आहे. माझ्या टाकीतल्या जुन्या चार नेराइटचे शेंडे अजून पांढरे आहेत, पण तोंडाकडची गेल्या पावसाळ्यातली वाढ बोटाच्या नखाएवढी रुंद आणि काळीभोर आहे.